नावे थंडी, जमा ऊब

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला विज्ञानातलं काही कळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. आणि तो बरोबर आहे. दहावीला विज्ञानात मी जो काठ गाठला, त्यात परीक्षकाच्या दयाबुद्धीचा वाटा मोठा होता. पुढे बी.कॉम. आणि बी.कॉम.नंतर बँक, अशा मार्गानं मी उष्णता, प्रकाश, ध्वनी वगैरे मंडळींपासून सुरक्षित अंतरावर पोचलो. ध्वनी तेवढा दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या रांगेत भेटतो. बाकीच्यांशी संबंध उरला नव्हता.

तो पुन्हा जुळवून आणला आमच्या मातोश्रींनी. मागच्या मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाणी ओतता ओतता ती तिथेच खाली बसली, आणि बादली मात्र उभीच राहिली. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना मी काय सांगू? २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. ३० मे २०२४ ला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले! यंत्र बिघडलं होतं, असा खुलासा मागाहून हवामान खात्यानं केला. पण मला विचाराल तर खुलासा येईपर्यंत एकाही नागपूरकरानं त्या आकड्यावर शंका घेतली नव्हती. उलट ‘वाटतंच होतं’ असंच जो तो म्हणत होता.

आईला दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘वय झालंय, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आजींची खोली रात्री थंड राहिली पाहिजे. कूलरवर विसंबू नका.’’ आमच्या घरात कूलर हा घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. दरवर्षी मार्चमध्ये त्याला माळ्यावरून उतरवायचं, नवा वाळा भरायचा, पंपाला तेल द्यायचं, आणि मग जूनपर्यंत त्याची कुरकुर ऐकत झोपायचं. वाळ्याची ही युक्ती तशी खानदानी आहे. अकबर बादशहाच्या दरबारातल्या वाळ्याच्या खोल्यांचं आणि सोरा वापरून पाणी गार करण्याचं वर्णन अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त केलं आहे. म्हणजे चारशे वर्षं हिंदुस्थानातला शहाणा माणूस ओल्या गवतामागे बसून उन्हाळा काढत होता. पण बादशहाच्या पाण्याची काळजी वाहणारा सेवक वेगळा होता. आमच्याकडे ती बादली आईच्या हातात होती, हाच सगळा घोटाळा.

तेव्हा ए.सी. घ्यायचा ठरलं. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘साहेब, थोडे पैसे जास्त टाका, हे मॉडेल घ्या. उन्हाळ्यात थंड करते, हिवाळ्यात गरम करते.’’

‘‘म्हणजे आत हीटरची तार आहे?’’

‘‘नाही साहेब. तार-बीर काही नाही. बाहेरची गरमी आत आणते.’’

‘‘हिवाळ्यात? बाहेर गरमी असते कुठे?’’

‘‘असते ना साहेब. एका युनिटात तीन युनिटांची गरमी येते.’’

मी सावध झालो. गेली वीस वर्षं मी बँकेत आहे. ‘एक ठेवा, तीन न्या’ असं म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं आणि त्याच्याकडे पैसे ठेवणाऱ्यांचं काय होतं, हे मी काउंटरच्या अलीकडून अनेकदा पाहिलं आहे. अशा योजनेचा संचालक साधारण तिसऱ्या वर्षी परगावी जातो. पण सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘घ्या ना, डिसेंबरात सासूबाईंचे गुडघे किती धरतात!’’ आणि तेही खरं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये याच नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. भाजून काढणं आणि गोठवणं ही दोन्ही कामं आमचं गाव एकाच उत्साहानं करतं. मी पैसे भरले. पण संशय गेला नाही. आणि कारकुनाला संशय आला की तो जुनी कागदपत्रं काढतो. मीही काढली.

तर या प्रकरणातली पहिली नोंद डॉक्टरच्याच नावावर सापडली. विल्यम कलेन नावाचे एक स्कॉटिश वैद्य ग्लासगोत रसायनशास्त्र शिकवीत. त्यांनी १७४८ च्या सुमारास ईथरच्या भांड्यावरची हवा पंपानं काढून घेतली. ईथर खदखदून उकळलं, आणि उकळता उकळता बर्फासारखं गार पडलं. उकळणारी वस्तू चटका देते हा आपला अनुभव. इथे उकळतं ते थंड! कारण वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती ईथरनं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसनी घेतली. कलेनसाहेबांनी हे लिहून ठेवलं आणि आपल्या रोग्यांकडे वळले.

त्यानंतर जे गृहस्थ भेटले ते पाहून मी खुर्चीतून उठलोच. जेकब पर्किन्स! हे आमच्याच धंद्यातले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जन्म, आणि कीर्ती कशाची, तर नोटा छापण्याच्या पोलादी ठशांची. खोट्या नोटांना आळा बसेल अशी छपाई त्यांनी काढली आणि बँक ऑफ इंग्लंडचं काम मिळवायला १८१९ मध्ये ते लंडनला आले. बँकेनं नमुने पाहिले, विचार केला, आणि काम दिलं नाही. बँका तेव्हाही तशाच होत्या, हे वाचून समाधान वाटलं. पुढे त्यांच्या कंपनीनं जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४० चं ‘पेनी ब्लॅक’, छापलं. पण त्याआधी १८३४ मध्ये या नोटवाल्या माणसानं एका यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पातळ पदार्थ उकळू द्यायचा, तो उष्णता शोषील. त्याची वाफ पंपानं दाबायची, ती तापेल. तिची उष्णता दुसरीकडे सोडायची, ती पुन्हा पातळ होईल. आणि पुन्हा पहिल्या जागी पाठवायची. तोच पदार्थ, तेच चक्र. चलन फिरतं ठेवायचं ही कल्पना नोटा छापणाऱ्याला सुचावी यात नवल नाही. माझ्या भिंतीवरच्या ए.सी.त आजही हेच चालतं. पर्किन्सना मात्र या यंत्रातून काही मिळकत झाली नाही.

होणार कशी? त्याच सुमारास बर्फ चक्क जहाजानं येत होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. तळ्यांतला बर्फ कापायचा, भुसा भरायचा, आणि दोनदा विषुववृत्त ओलांडून आणायचा. चार महिन्यांनी सुमारे शंभर टन उरला. ऐंशी टन घट! आमच्या शाखेत ऐंशी पैशांची घट आली तर रात्री नऊपर्यंत कोणी घरी जात नाही. पण ट्यूडरचा धंदा फायद्यात चालला. मद्रासचं बर्फघर अजून समुद्रकिनारी उभं आहे. पुढे तिथे स्वामी विवेकानंद राहून गेले आणि आता ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. मुंबईलाही बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं, आणि यजमानासकट पाहुण्यांना पडसं झालं, अशी आठवण मुंबईच्या जुन्या इतिहासात नोंदलेली आहे. ही हकीकत मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘‘होणारच!’’ गार खाल्लं की पडसं, या तिच्या आयुष्यभराच्या सिद्धांताला बॅरोनेटचा पुरावा मिळाल्यानं त्या दिवशी तिला बरंच बरं वाटलं.

हे झालं गारव्याचं. माझा मूळ संशय उबेबद्दल होता, आणि त्याचं उत्तर १८५२ सालात मिळालं. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, तेव्हा २८ वर्षांचे होते आणि ग्लासगोत प्राध्यापक होते. उष्ण प्रदेशातल्या घरांची हवा गार कशी करावी यावर चार्ल्स पियाझी स्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या राजखगोलशास्त्रज्ञांनी नुकतंच लिहिलं होतं. (आकाशातले तारे सोडून हा माणूस खोलीतल्या उकाड्याकडे का वळला, हे दक्षिण आफ्रिकेत त्यांनी काढलेल्या वर्षांवरून कळतं.) थॉमसननी विचार पुढे नेला. इमारती हवेच्या झोतांनी तापवाव्या किंवा गार कराव्या, आणि त्यात काटकसर कशी साधावी, यावर त्यांनी निबंध लिहिला. काटकसर! मथळ्यात हा शब्द असलेला विज्ञानाचा निबंध मी पहिल्यांदाच पाहिला, आणि हा माणूस मला एकदम आपला वाटला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बाहेरची गार हवा एका नळकांड्यात घेऊन फैलावू द्यायची. ती बाहेरच्यापेक्षाही गार होईल. इतकी गार, की बाहेरची थंडी तिला उबदार वाटेल! मग ती बाहेरच्या हवेतूनच उष्णता घेईल. नंतर तिला दाबून पूर्वपदावर आणायची की ती तापेल, आणि ती घरात सोडायची. कोळसा शेगडीत जाळून जेवढी ऊब मिळते, त्याच्या कितीतरी पट ऊब तोच कोळसा या यंत्राला चालवायला वापरला तर मिळेल, हे त्यांनी गणितानं दाखवलं. आणि तेच यंत्र उलटं चालवलं की उन्हाळ्यात गारवा. म्हणजे दुकानातल्या पोरानं मला जे सांगितलं ते पावणेदोनशे वर्षांचं जुनं निघालं.

माझी अडचण एका शब्दात होती : थंडी. आम्ही समजतो, थंडी म्हणजे उष्णता संपली. तसं नाही. ज्याला आपण शून्य अंश म्हणतो तो पाण्याच्या सोयीचा शून्य. खरा शून्य त्याच्याही २७३ अंश खाली. खात्यात २७३ रुपये असताना पासबुकावर ‘शिल्लक शून्य’ छापावं, आणि खातेदारानं रडत घरी जावं, तसला प्रकार. नागपूरच्या ३.५ अंशांच्या पहाटेतसुद्धा हवेच्या खात्यावर भरपूर जमा असतं. फक्त काढायला स्लिप भरणारा पाहिजे.

आणि इथेच खरी गंमत. उष्णता आपणहून नेहमी गरमाकडून गाराकडे जाते. ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडून ज्याच्याकडे कमी त्याच्याकडे. इतकं सज्जन वर्तन मी पैशाच्या बाबतीत कधी पाहिलं नाही. पैसा नेमका उलटा वाहतो. या यंत्रानं केलंय काय, तर उष्णतेला पैशासारखं वागायला शिकवलंय. ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याच्याकडून थोडं थोडं गोळा करायचं आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्या घरात नेऊन घालायचं. अर्थात फुकट नाही. वीज हा त्या व्यवहाराचा सर्व्हिस चार्ज. एक युनिट वीज तीन युनिट ऊब ‘तयार’ करत नाही. ती दोन बाहेरून ओढून आणते आणि स्वतः तिसरी होऊन आत बसते. योजना बोगस नव्हती. मी दुकानातल्या मुलाची मनातल्या मनात माफी मागितली.

केल्विनसाहेबांच्या यंत्रानं त्या काळी एकही घर तापलं नाही. ग्लासगोत कोळसा स्वस्त होता, आणि जिथे कोळसा स्वस्त तिथे शहाणपण महाग. प्रत्यक्ष कामाला युक्ती लावली ती ऑस्ट्रियात, पेटर फॉन रिटिंगर यांनी, त्याच दशकात, एबेन्सीच्या मिठाच्या कारखान्यात. खारं पाणी आटवताना निघणारी वाफ वाया जायची. त्यांनी ती दाबून जास्त गरम केली आणि पुन्हा त्याच पाण्याखाली लावली, म्हणजे जळण वाचावं. उडून जाणारी वाफ परत कामाला लावणारा हा माणूस कोणत्याही बँकेत वसुली अधिकारी म्हणून शोभला असता.

पुढे विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी दमट हवेवर उपाय काढला, कारण कागद फुगून रंग जागेवर बसत नव्हते. माणसांच्या सोयीसाठी ए.सी. निघाला असा आपला समज. निघाला तो कागदांच्या सोयीसाठी. हे मला आश्चर्याचं वाटलं नाही. आमच्या शाखेतही संगणकाच्या खोलीला ए.सी. आधी आला आणि आम्हाला नंतर.

उबेचा पंप मात्र गरजेनं पुढे आला. टी. जी. एन. हाल्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या आपल्या घरी तो चालवून पाहिला आणि १९३० मध्ये त्यावर निबंध वाचला. स्वित्झर्लंडमध्ये कोळशाच्या खाणी नाहीत. तेव्हा झुरिकच्या टाउन हॉलनं १९३८ मध्ये लिमाट नदीच्या पाण्यातून ऊब उपसायला सुरुवात केली. इंग्लंडात जॉन समनर यांनी १९४५ मध्ये, युद्धाच्या टंचाईत, जमेल ते सामान जुळवून नॉर्विचच्या वीजखात्याची इमारत वेन्सम नदीवर तापवली. १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलला टेम्सची ऊब लावली. मर्लिन विमान-इंजिनांचे भाग त्या यंत्रात होते. ते यंत्र फसलं. कशामुळे, तर ऊब फार व्हायला लागली! सरकारी अंदाजपत्रक जास्तीच्या बाजूनं चुकल्याचं हे उदाहरण मी जपून ठेवलं आहे.

या सगळ्यांत मला भावले ते इंडियानापोलिसचे रॉबर्ट वेबर. असं सांगतात, की १९४० च्या दशकात त्यांनी डीप फ्रीजरशी खटपट करताना त्याच्या मागच्या नळीला हात लावला आणि चटका बसला. आत बर्फ आणि मागे चटका, हे फ्रिजच्या मागे पडलेला चमचा काढणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पण वेबर हात चोळत बसले नाहीत. आधी त्यांनी त्या नळीवर घरातलं पाणी तापवलं, आणि मग जमिनीत तांब्याच्या नळ्या पुरून जमिनीचीच ऊब घरात आणली. १९७३ च्या तेलाच्या भडक्यानंतर थंड देशांना या मंडळींची आठवण झाली. आज नॉर्वेत निम्म्याहून अधिक घरं असा पंप वापरतात. ज्या देशात थंडी अशी की दाढीला बर्फ लागावा, तिथली माणसं थंडीतूनच ऊब काढून कॉफी पीत बसली आहेत.

इतका अभ्यास झाल्यावर मी घरात तज्ज्ञ म्हणून वावरू लागलो. ए.सी. बसून पंधरा दिवस झाले होते. आई रात्री शांत झोपत होती, मी सौ.ला केल्विन समजावून सांगत होतो, आणि ती ‘हं’ म्हणत कूस बदलत होती. सोळाव्या दिवशी आई इस्त्रीचे कपडे द्यायला खाली गेली आणि वर येऊन तिनं ए.सी. बंद केला.

‘‘काय झालं?’’

‘‘खाली जाऊन उभा राहून ये पाच मिनिटं.’’

मी गेलो. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. बाहेरचा डबा कारागिरानं सोयीची जागा बघून भिंतीला ठोकला होता, आणि त्याच्या बरोबर खाली इस्त्रीवाल्या भाऊंची टपरी. वर पत्रा, हातात कोळशाची इस्त्री, आणि आता डोक्याच्या मागून आमच्या घरची झळ. तिन्ही बाजूंनी त्यांना आपण स्वतः इस्त्री होत असल्यासारखं वाटत असणार. मी विचारलं, ‘‘भाऊ, सांगितलं काहून नाही?’’ ते म्हणाले, ‘‘माय बिमार हाय ना तुमची. चार महिने तं हायेत, निघून जातीन.’’

वर येऊन मी कागद घेतला. जमाखर्च मांडण्यापलीकडे मला काही येत नाही, म्हणून तोच मांडला. आईच्या खोलीतून तीन युनिट उष्णता बाहेर काढली, नावे तीन. तिला बाहेर ढकलायला एक युनिट वीज लागली. तीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे भाऊंच्या डोक्यावर जमा चार. हिवाळ्यात जे एकाचे तीन वाटून मी खूश होत होतो, ते उन्हाळ्यात तीनाचे चार होऊन दुसऱ्याच्या खात्यावर पडत होते, आणि खातेदाराची सही न घेता. लेखापरीक्षक आले असते तर मी उत्तर काय दिलं असतं?

आईनं लेखापरीक्षकाची वाट पाहिली नाही. डबा हलेपर्यंत ए.सी. लावायचा नाही, असं तिनं जाहीर केलं. मी डॉक्टरांची भीती घातली. ‘‘तो माणूस दिवसभर उभा असतो रे,’’ एवढंच ती म्हणाली आणि कूलरची बादली उचलायला निघाली. आता बादली उचलणारी आई आणि तिला थांबवणारा मुलगा हे दृश्य फार वेळ चालू देता येत नाही. मी कारागिराला फोन लावला. डबा गच्चीवर न्यायचा तर तांब्याची नळी वाढणार, तिचा भाव फुटावर, गॅस पुन्हा भरावा लागणार, आणि नळी लांबली की यंत्राला थोडं जास्त राबावं लागणार. शिवाय गच्चीची परवानगी सोसायटीकडे. सोसायटीच्या सभेत मी केल्विनपासून सुरुवात केली. तेव्हा सचिव म्हणाले, ‘‘मंजूर आहे, बसा.’’ विज्ञानाच्या प्रसाराचा असाही उपयोग होतो. चार दिवस लागले. ते चार दिवस बादली मी उचलली. दिवसाला बारा बादल्या लागतात, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

डिसेंबरात पारा नऊवर आला तशी मी रिमोटवरची सूर्याची खूण दाबली. आत कुठेतरी एक झडप ‘खट्‌’ झाली, म्हणजे चक्र उलटं फिरलं, आणि पाचेक मिनिटांत उबदार वारा यायला लागला. आईनं दोन्ही तळवे वर धरले, शेकोटीपुढे धरावे तसे. मग गुडघ्यांवर ठेवले. गच्चीवर जाऊन मी बाहेरच्या डब्यापुढे उभा राहिलो. तो हिमालयासारखा वारा टाकत होता. उलटा हिशेब बरोबर जुळत होता, आणि या खेपेस त्याची झळ कोणाला लागत नव्हती.

त्याच संध्याकाळी इस्त्रीवाले भाऊ कपडे घेऊन वर आले. आई म्हणाली, ‘‘या भाऊ, चहा घ्या, इथे बसा उबेला.’’ ते पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले, भिंतीवरच्या यंत्राकडे खालून-वरून पाहिलं आणि मला म्हणाले, ‘‘भाऊ, कोळसा कुठी टाकता याच्यात?’’

‘‘कोळसा नाही लागत. बाहेरच्या थंडीतूनच गरमी काढते ते.’’

भाऊंनी कप खाली ठेवला आणि काही न बोलता आईकडे पाहिलं.

‘‘बँकेत आहे तो,’’ आई म्हणाली. ‘‘तुम्ही चहा घ्या.’’